आधी कृपा, मग बोध

रविवारी उपदेश करायचा असला की मी त्या दिवशीचा शास्त्रपाठ आधी मोठ्यानं वाचते आणि मग वहीत फक्त क्रियापदं उतरवते. कोण निघालं, कोण थांबलं, कोण बोललं, कोणी दिलं. बायबलच्या गोष्टीत शुभवर्तमान शोधायची याहून खात्रीची वाट मला माहीत नाही. आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत गोष्ट सांगण्याची परंपरा जुनी आहे. कृष्णराव सांगळ्यांनी तर येशूची कथा कीर्तनात उभी केली. आख्यान रंगवणं आम्हाला जमतं. कठीण असतं ते आख्यानात देव नेमकं काय करतो आहे, हे पकडणं.

जक्कयाची गोष्ट घ्या. लूकच्या १९व्या अध्यायातली ही गोष्ट आमच्या संडे स्कूलच्या मुलांना तोंडपाठ असते. तिचा बोधही ठरलेला असतो: वाईट पैसा परत करा, मन स्वच्छ करा, म्हणजे प्रभू तुमच्या घरी येईल. आता क्रियापदं क्रमानं बघा. जक्कय धावतो आणि उंबराच्या झाडावर चढतो. त्याला फक्त बघायचं असतं. येशू झाडाखाली थांबतो, वर बघतो, त्याला नावानं हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचं आहे, असं सांगतो. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं, लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचं बोलतो. पाहुणा आधी आला, परतफेड मागून झाली. बोध काढताना आपण हा क्रम उलटा करतो, आणि शुभवर्तमान तिथेच निसटतं.

क्रम सापडला की मी पाठाच्या मागचंपुढचं वाचते. आदल्याच अध्यायात एक श्रीमंत अधिकारी येऊन गेलेला असतो. तरुणपणापासून आज्ञा पाळणारा. सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर तो खिन्न होतो. लगेच पुढे जक्कय येतो, तोही श्रीमंत, पण जकातदारांचा मुख्य, गावानं पापी ठरवलेला. फसवून घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं लेवीय पुस्तकातलं नियमशास्त्र सांगतं. हा स्वतःहून चौपट देतो. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाचा हात इतका सैल कशानं झाला? धाकानं तो झाला नसता. सगळ्या गावादेखत कुणीतरी त्याच्या घरचं जेवण आपलं मानलं, त्यानं झाला.

जुन्या करारातही हाच क्रम भेटतो. दावीद आणि गल्याथाची गोष्ट ऐकली की आपण स्वतःला दाविदाच्या जागी उभं करतो: संकट मोठं असलं तरी गोफण उचला. पण १ शमुवेल १७ नीट वाचलं की आपली जागा कुठे आहे ते कळतं. एला खोऱ्यात ४० दिवस, सकाळ-संध्याकाळ, गल्याथ आव्हान देतो आणि इस्राएलाचं अख्खं सैन्य भेदरून मागे सरतं. आपण त्या सैन्यात आहोत. सगळ्यांच्या वतीनं एकटा पुढे जातो, तो जिंकतो, आणि तेव्हा कुठे तेच घाबरलेले शिपाई आरोळी ठोकून धावत सुटतात. त्यांचं धैर्य त्या विजयातून आलं. वधस्तंभाचा अर्थ मंडळीला सांगताना मी म्हणूनच आधी या खोऱ्यात जाते.

यावर एक शंका हमखास येते: सगळं देवानंच केलं, तर आम्ही हात बांधून बसायचं का? उत्तर जक्कयाच्या थैलीत आहे. तिची गाठ सुटली नसती तर ती पंगत पोकळ ठरली असती. कृपा माणसाला कामाला लावते. फक्त ते काम कृपेची किंमत म्हणून नसतं.

मत्तयाच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मी खास कष्टकऱ्यांच्या सभेत घेते. मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. दुपार टळली की आज घरी काय न्यायचं, हा विचार त्याला ठाऊक असतो. मळ्याचा धनी स्वतः पाच वेळा बाहेर पडतो, अगदी कामाचा शेवटचा तास उरला असतानासुद्धा. उरलेल्या माणसांना कुणी कामावर घेतलेलंच नसतं. संध्याकाळी त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी, एक दीनार, मिळते. तासाभराच्या पैशात घर चालत नाही, हे त्या धन्याला कळतं. सकाळपासून राबलेले चिडतात. त्यांचं एका पैशाचंही नुकसान झालेलं नसतं. दुसऱ्याला मिळालेलं त्यांना सोसत नाही. आपल्यातले बरेच जण या रांगेत सापडतात. जुनी, नियमित, देवळात पुढे बसणारी मंडळी तर नक्कीच.

उपदेश लिहून झाला की त्यातून येशूला वगळून मी तो पुन्हा वाचते. तरीही तो तसाच उभा राहत असेल, तर तो चांगला सल्ला आहे, शुभवर्तमान नाही. मग मी तो नव्यानं लिहिते.

आणि शेवट मी एका कामावर करते. आपल्या घराघरात एक अट चालते: आधी सुधारून दाखव, मग उंबऱ्याच्या आत ये. व्यसनात अडकलेल्या भावाला, मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीला, पैसे बुडवलेल्या दिराला आपण ती घालतो. येशूनं जक्कयाला ती घातली नाही, आपल्यालाही घातली नाही. तेव्हा या आठवड्यात अशा एकाच्या दारी आपण होऊन जा, आणि त्याच्याकडे जेवायला बसा. तो सुधारेल याची हमी मी देत नाही. आपल्याकडे देव असाच आला, एवढं मात्र मी खात्रीनं सांगते.