शिक्राच्या दारात

नरिमन पॉइंटला ऑफिस असेल तर तुम्ही ते पाहिलं असणारच. चार वाजताची मीटिंग, कुणाचं तरी न संपणारं प्रेझेंटेशन, आणि खिडकीबाहेर बॅक बेच्या पाण्यावरून एक करडं, जाडजूड हेलिकॉप्टर खडखडत दक्षिणेकडे जातं. काचा थरथरतात. बॉस दोन सेकंद थांबतो. मग पुढची स्लाइड.

मीही चार वर्षं हेच केलं. ते जातं कुठे, हा प्रश्न कधी पडला नाही. मग जुलैतल्या एका शनिवारी, पाऊस जरा ओसरल्यावर, चर्चगेटहून बस पकडली आणि शोधायला निघालो.

कॉजवेवरची शॉपिंगवाली गर्दी मागे पडली की कुलाबा एकदम शांत होतं. मोठी झाडं, जुने बंगले आणि मग अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये पूर्ण झालं. बंदरात येणाऱ्या जहाजांना त्याचं उंच शिखर खूण म्हणून उपयोगी पडायचं. आत जाऊन बसा दहा मिनिटं, छान वाटतं. त्यापुढे नेव्ही नगर. गेटवर ओळखपत्र मागतात, आणि आपल्याकडे असतं ते ऑफिसचं!

तर, हेलिकॉप्टरचा पत्ता या गेटच्या पलीकडे : आयएनएस शिक्रा, नौदलाचा हवाई तळ. पूर्वी याचं नाव होतं कुंजाली. शिक्रा हे नाव आलं जानेवारी २००९ मध्ये. शिक्रा म्हणजे छोटा ससाणाच म्हणा ना. मुंबईतल्या बागांमध्येही दिसतो, कबुतरांची त्रेधा उडवताना.

आपल्याला आत प्रवेश नाही. म्हणून मी उलटा फिरून कफ परेडच्या मच्छीमार नगरला गेलो. पावसाळी मासेमारीबंदी, त्यामुळे होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी दुरुस्त करणं चालू. इथून आकाश मोकळं दिसतं. फोटो काढायचेच असतील तर होड्यांचे काढा, तळाचे नकोत.

मला हे सगळं का सुचलं, ते सांगतो. माझ्या रूममेटचा मोठा भाऊ समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. जायला-यायला हेलिकॉप्टर. त्यासाठी एक ट्रेनिंग असतं : हेलिकॉप्टरचा सांगाडा स्विमिंग पूलमध्ये बुडवतात, उलटा करतात, आणि आत पट्ट्याने बांधलेल्या तुम्ही श्वास धरून, पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर यायचं. दादा हे हसत सांगतो. त्याची आई ते ऐकायला थांबत नाही, चहा टाकायला उठते.

१७ मे २०२१ आठवतोय? तौक्ते वादळ. आम्ही सगळे घरून काम करत होतो. खिडक्यांना टॉवेल कोंबले होते आणि नेट गेलं म्हणून मी मनातून खूश होतो. त्याच दिवशी पी-३०५ नावाचा बार्ज नांगर तुटून बॉम्बे हायच्या भागात भरकटत होता. त्यावर २६१ माणसं. संध्याकाळी तो बुडाला. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता रात्रभर लाटांतून माणसं शोधत होत्या. दुसऱ्या दिवशी हवा जरा उघडल्यावर हेलिकॉप्टरंही शोधात उतरली. १८६ जण वाचले, ७५ नाही. ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ नावाचा दुसरा बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ अडकला होता. त्यावरचे १३७ जण मात्र सगळे सुखरूप आले. त्यात नौदल आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांचा मोठा हात होता. आमचा दादा त्या आठवड्यात घरी होता. निव्वळ तारखांचा खेळ.

हेलिकॉप्टरने माणूस उचलायचा म्हणजे वरून दोरी सोडायची, इतकंच मला वाटायचं. सिनेमाचा दोष. खरी गंमत ही, की पायलटला खालचा माणूस दिसतच नाही. तो त्याच्या बुडाखाली असतो. दारात आडवा पडलेला सहकारी त्याला बोलून नेतो : पुढे दहा, पुढे पाच, जरा उजवीकडे, थांब. पायलट नजर कुठे लावणार? जहाजाच्या एखाद्या कोपऱ्यावर, पण ते जहाजच हेलकावतंय. उघड्या समुद्रात तर तेही नाही. सगळ्या लाटा एका दिशेने पळत असल्या की आपणच मागे सरकतोय असं वाटतं, आणि पाऊस-ढगात क्षितिज हरवलं की वर-खाली कुठलं हेही शरीर खोटं सांगायला लागतं. तेव्हा विश्वास काट्यांवर ठेवायचा. पंख्याच्या वाऱ्याने खारं पाणी उडून काचेवर. इंधन मोजकं. आणि खाली लोंबणारा हूक आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा, कारण हवेत उडताना हेलिकॉप्टरमध्ये विजेचा भार साठतो आणि पहिला हात लावणाऱ्याला सणसणीत झटका बसतो.

जून २०१५ मध्ये ‘जिंदाल कामाक्षी’ हे मालवाहू जहाज मुंबईबाहेर कलंडलं, तेव्हा इथल्या सी किंग हेलिकॉप्टरने हेच सगळं भर पावसाळ्यात, रात्री केलं. जहाजावरचे वीसच्या वीस जण वाचले. सी किंग हे मुळात पाणबुड्या शोधायला घेतलेलं हेलिकॉप्टर, हं.

आणि हेलिकॉप्टर उडू शकत नाही तेव्हा? २६ जुलै २००५ चा पूर आपण सगळे सांगतो. कुठे अडकलो, किती चाललो. दुसऱ्या दिवसाबद्दल फार कुणी बोलत नाही. २७ जुलैला बॉम्बे हायला एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. त्याला उपचारासाठी न्यायला हेलिकॉप्टर हवं होतं, पण हवा इतकी खराब की उड्डाणं बंद. म्हणून जहाजच प्लॅटफॉर्मजवळ नेलं. लाटांनी ते गॅसच्या पाइपावर आपटलं, भडका उडाला, दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ जण गेले.

जोखीम नेणाऱ्यांचीही तितकीच. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर रात्री निघालं आणि समुद्रात कोसळलं. चारपैकी एक वाचला. एका पायलटचा मृतदेह मिळायला महिन्याहून जास्त लागला.

मच्छीमार नगरात एका काकांनी मला उपड्या क्रेटवर बसायला जागा दिली. जाळ्यातून मान वर न करता त्यांनी विचारलं, “पत्रकार का?” म्हटलं, नाही, आयटी. “मग ठीक,” म्हणाले. त्यांचे एक चुलते फार वर्षांपूर्वी बोटीसकट गेले, सापडले नाहीत. तेव्हा अशी हेलिकॉप्टरं होती का, मी विचारलं. “असतील,” ते म्हणाले, “आम्हाला बोलवायचं कसं ते ठाऊक नव्हतं. आता पोरांच्या बोटीवर वायरलेस आहे.”

चहा आला, आणि तितक्यात तो आवाज. आधी छातीत जाणवला, मग कानात. करडं हेलिकॉप्टर इमारतींच्या आडून निघालं, नाक किंचित खाली घालून, आणि पश्चिमेच्या काळ्या ढगाकडे वळलं. काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

“प्रॅक्टिस असेल ना?” मी म्हटलं.

“परत कधी येतं ते बघू,” काका म्हणाले, आणि मोबाइलमध्ये वेळ पाहून तो जाळ्यावर उताणा ठेवला.