शेवटचा कट दिल्यावर

वागळे इस्टेट, ठाणे
रविवार, 20 ऑक्टोबर 2024

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "मामा, स्पर्धेआधी अजून सात दिवस आहेत, काय काय भरून काढू?" माझ्या शेजारी मशीन चालू होतं, धड बोलता आलं नाही. रात्रभर तो प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून सकाळी शॉपवर येऊन आधी हे लिहायला बसलोय. आता काहीही भरून काढायचं नाही.

तू लहानपणी रोड नंबर 22 वरच्या आमच्या शॉपमध्ये यायचीस आणि ग्राइंडरच्या ठिणग्या बघत उभी राहायचीस. जॉब मापाला यायला थोडासाच उरला की शेवटचा दोन-तीन मायक्रॉनचा कट देतात. त्यानंतर चाक पुढे सरकवायचं नाही, नुसतं फिरू द्यायचं. आधीच्या दाबानं चाक, स्पिंडल आणि जॉब सगळंच किंचित वाकलेलं असतं. ते सावकाश सरळ होतं, ठिणग्या विरळ होत जातात आणि थांबतात. आम्ही त्याला स्पार्क-आउट म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं मशीन रिकामं फिरतंय, पण माप आणि चकाकी त्या फेऱ्यांतच येते. नवा कारागीर तिथेच अधीर होतो, अजून एक कट देतो आणि जॉब अंडरसाइज होऊन भंगारात जातो.

मी 2022 मध्ये हेच केलं. 13 नोव्हेंबरला गोव्याची हीच पोहणं-सायकल-धावणं अशी स्पर्धा होती. तीस वर्षं दुसऱ्यांना स्पार्क-आउट शिकवलं, पण बुधवारी पाय जड वाटले म्हणून घाबरलो आणि गुरुवारी पहाटे येऊरचा चढ दोनदा चढलो. वर सायकलच्या सीटची उंचीही बदलली. रविवारी धावताना चौदाव्या किलोमीटरला मांड्या दगड झाल्या. उरलेले सात किलोमीटर मी चाललो. वेळेत पोहोचलो, पण त्या वर्षभराच्या मेहनतीचं जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून आधीच सांगतो, मंगळवार-बुधवारकडे तुझेही पाय जड होतील. गुडघ्यात कधी नव्हती ती कळ येईल. घसा खवखवल्यासारखा वाटेल. शरीर दुरुस्तीला बसलेलं असतं आणि तुझ्याकडे त्याचं ऐकायला वेळ असतो, एवढंच. गरम जॉबवर मायक्रोमीटर लावला तर माप चुकीचंच येतं. या आठवड्यात स्वतःचं माप घेऊ नकोस. घड्याळ तुझ्या तब्येतीचे जे आकडे दाखवतं तेही बघू नकोस.

2007 मध्ये लोराँ बॉस्के आणि सहकाऱ्यांनी स्पर्धेआधी सराव कमी करण्यावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांना दिसलं की साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी कमी करावं, पण वेग आणि सरावाचे वार तेच ठेवावेत. पूर्ण झोपून राहिलं तर शरीर सुस्तावतं. तेव्हा मंगळवारी सावळाराम क्रीडासंकुलाच्या तलावात वीस मिनिटं पोह. बुधवारी पाऊण तास सायकल, त्यात चार-पाच वेळा एकेक मिनिट स्पर्धेच्या वेगानं, आणि खाली उतर. शिळफाट्याकडे जाऊ नकोस, या दिवसांत ट्रकची वर्दळ फार असते. मन भरणार नाही. भरू नये असंच ते आहे.

या वेळी दिवाळी अगदी डोक्यावर आहे. सोमवारी 28 ला वसुबारस, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी. ताई माळा काढायला घेईल आणि डबे उतरवायला तुलाच हाक मारेल. मी तिला फोन करतो. तू स्टुलावर चढायचं नाहीस, पलंग सरकवायचा नाहीस, चकलीचा सोऱ्या दाबत बसायचं नाहीस. मी हे मनापासून सांगतोय. दहा महिने पहाटे उठून, गर्दीच्या लोकलमध्ये उभी राहून नोकरी करून जे कमावलंस ते माळ्यावरच्या पितळी डब्यापायी जाऊ द्यायचं नाही. फराळ सोमवारनंतर पोटभर खा.

खाण्याचं नीट ऐक. शुक्रवार आणि शनिवार भाताचे. शरीराच्या दर किलोमागे दहा ग्रॅमच्या आसपास पिष्ट आणि साखर हवी. तुझ्या 52 किलोला दिवसाला सव्वापाचशे ग्रॅम होतात. वाटीभर भातात तीसएक, केळ्यात पंचवीसएक. नुसत्या भातानं हे जमणार नाही. मऊ भात, साधं वरण, पोहे, गूळ, केळी, सरबत असं दिवसभर थोडं थोडं खा. मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर त्या दोन दिवसांत नको. एरवी चांगला असलेला चोथा त्या रविवारी पोटात त्रास देतो. काट्यावर किलो-दीड किलो वजन वाढेल. साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर स्नायू तीनेक ग्रॅम पाणी धरतात, त्याचं ते वजन. तेच पाणी तुला गोव्याच्या उकाड्यात लागणार आहे. पण साधं पाणी ढसाढसा पिऊ नकोस. रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा घातक आहे.

गुरुवारी रात्री कोकणकन्येनं निघ, शुक्रवारी सकाळी करमाळीला उतर. सायकल खोक्यात भरण्याआधी सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण कर, म्हणजे तिथे जोडताना उंची तीच येईल. पॅडल काढताना डावीकडचे आटे उलटे असतात, विसरू नकोस. शुक्रवारची झोप सगळ्यात महत्त्वाची. शनिवारी रात्री कोणालाच झोप लागत नाही, त्याची चिंता करायची नाही.

शनिवारी सायकल जमा केल्यावर ती उन्हात उभी राहते. टायरमधली हवा थोडी सोडून ठेव, रविवारी पहाटे भर. नाहीतर ट्यूब फुटू शकते. निळी पिशवी सायकलची, लाल पिशवी धावण्याची. आज जे बूट, मोजे, चड्डी वापरतेस तेच त्यांत भर.

पोहण्याची तुला धास्ती आहे, ते फोनवर कळलं. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ असतं, तळाशी तलावासारखी काळी रेघ नसते. आठ-दहा हात मारले की डोकं किंचित उचलून खुणेचा तरंगता बोया कुठे आहे ते बघ. पहिले दोनशे मीटर गर्दीच्या कडेनं जा. लाट अंगावर आली तर श्वास दुसऱ्या बाजूनं घे. 1.9 किलोमीटर तू तलावात कितीतरी वेळा पोहलीस. पुढे 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 धावणं. साडेआठ तासांची मुदत आहे आणि तुझी तयारी त्याच्या बरीच आत बसते. मी आकडे मांडून बघितलेत.

मी शनिवारी संध्याकाळी पोहोचतो. रविवारी धावण्याच्या रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरपाशी उभा असेन. हातात काही देता येणार नाही, नियमात बसत नाही. फक्त हाक मारेन.

तुझा,
मामा

ता. क. पोहण्याचा काळा चष्मा घेऊ नकोस, तो नवा आहे. नेहमीचाच घे. त्याचा पट्टा सैल झालाय असं म्हणालीस. मंगळवारी कामावरून परतताना ठाण्याला उतर, मी बदलून देतो.