थांब ना… आणि निषाद!

जॅझमधलं प्रेमगीत आपल्याला रचता येतं! मराठीत, इथे सांगलीच्या विश्रामबागेत, घरच्या इलेक्ट्रॉनिक पियानोवर! हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आजवर माझी सगळी वाजवणूक पेटीची, नाट्यपदांची. पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला, गाणार तो उजवा. पियानोवर डावा हात सुटला आणि त्यानं केवढं दार उघडलं!

पांढरी एकला सा धरा. रे-म-ध-सा एकदम दाबा. मग प-नि-रे-म. मग सा-ग-प-नि. जॅझची असंख्य गाणी या तीन कॉर्डांवर चालतात. आता गंमत बघा. डाव्या करंगळीनं खाली रे, प, सा एवढंच द्या आणि उजवीकडे सुरुवातीला फक्त म आणि वरचा सा ठेवा. दुसऱ्या कॉर्डला म जागचा हलत नाही, सा उतरून नि होतो. तिसऱ्याला नि हलत नाही, म उतरून ग होतो. दर वेळी एकच बोट सरकतं, तेही अगदी शेजारच्या पट्टीवर! एवढ्याशा हालचालीत इतकी माया कुठून येते? मी तेवढंच वाजवत बसलो आणि जेवणाची वेळ टळून गेली.

पियानोचा गंधार आपल्या कानाला किंचित चढा लागतो, हे खरंच आहे. याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी सुरांची मोजमापं घेऊन १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची त्या संशोधनाला साथ होती. त्या गावचा कान गंधाराला सहज सोडणार नाही! पण त्याच्या वर निषाद ठेवला की षड्ज-पंचम भाव जुळतो आणि तो गंधार एकदम आपला वाटू लागतो.

माझी पहिली ओळ आली ती अशी: ‘शेवटची गाडी गेली तरी तू थांब ना.’ विश्रामबाग स्टेशन जवळच, त्यामुळे गाडी आलीच! सवयीनं मी ‘ना’ सा-वर आणला. छान, पण गोष्ट संपली. मग तोच ‘ना’ निषादावर सोडला. खाली सा, वर नि, आणि गाणं विनवतच राहिलं. नाट्यपदात जीव सा-वर विसावतो, इथे तो मुद्दाम विसावत नाही. हीच तर प्रेमाची अवस्था!

आणि जॅझ काही आपल्या मातीला परकं नाही. १९३०च्या दशकात जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्ड मुंबईच्या ताज हॉटेलात वाजवत होता. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ चित्रपटात (१९५१) दिसतो. ख्रिस पेरी यांनी जॅझमध्ये कोकणी गाणी बांधली आणि लॉर्नानं ती अशी गायली की गोव्यात आजही लोक त्यांवर जीव टाकतात. कोकणीला जे शोभलं, ते मराठीला का शोभू नये? शोभलंच पाहिजे! जॅझ पियानोवादक एरॉल गार्नरला तर नोटेशन वाचताही येत नव्हतं, तरी १९५४ मध्ये त्यानं ‘मिस्टी’ दिलं. कानानं वाजवणाऱ्या आम्हा पेटीवाल्यांना यापेक्षा मोठा धीर कोणता?

सध्या अंतऱ्यानं झपाटलोय. जॅझची प्रेमगीतं बहुधा बत्तीस बारची: मुखडा दोनदा, अंतरा, पुन्हा मुखडा, आठ-आठ बार प्रत्येकी. जॉनी ग्रीनच्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये (१९३०) अंतऱ्याला चक्क सा-च अर्ध्या सुरानं वर चढतो! तंबोऱ्याच्या मिरजेशेजारी राहणाऱ्याला हे ऐकून काय वाटलं असेल! माझ्या गाण्यातही पांढरी एकवरून काळी एकवर जाणं जमलंय. परतायला तोच पांढरी एकचा रे-म-ध-सा वाजवायचा, की पुढची दोन बोटं आपसूक उतरतात आणि मुखडा हाताशी येतो. शब्द तेवढे अडलेत. गाडी गेल्यावर फलाटावर राहिलेली ती दोघं एकमेकांशी काय बोलतील, ते आज रात्री लिहून काढणार आहे.