बंदरावरचं घावन

दुपार कलली की हर्णै बंदरावर लिलावाला भर येतो. होड्या लांब पाण्यात उभ्या असतात. बैलगाड्या लाटांत शिरतात, टोपल्या भरून घेतात आणि ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे पडतात. समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग उन्हाने तांबूस झालेला असतो. दापोलीला फिरायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी भाव करतात, फोटो काढतात आणि मासळी घेऊन खाणावळीकडे वळतात. माझे पाय मात्र वर, रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली पेटलेल्या चुलीकडे वळतात.

चुलीवर बिडाचा काळा तवा. मावशी नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावरून फिरवतात आणि वाटीभर पातळ पीठ कडेकडून आत ओततात. चुर्र आवाज होतो. पीठ पसरवायला उलथनं लागत नाही, ते आपलं आपण धावतं. तांदळाच्या त्या पांढऱ्या पातळ थरावर बारीक जाळी उमटते. झाकण पडतं, क्षणभर वाफ कोंडते आणि झाकण उचललं की घावनाची कड तव्यापासून सुटलेली असते. दुमडून पानावर, बाजूला ओल्या खोबऱ्याची चटणी. वीस-पंचवीस रुपयांत पोटाला आधार होतो.

थंडीत कधी पातेल्यात वालाची उसळही असते. भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर आमच्याकडे कडवे वाल होतात. भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. स्वस्त म्हणावी अशी ही उसळ, पण तिच्यामागे कुणाच्या तरी बोटांची अख्खी सकाळ गेलेली असते.

वालाचा पहिला घास घेतला की मला आमच्या शेजारचे चाचा आठवतात. त्यांचं सगळं आयुष्य जहाजावर गेलं. सुएझ कालव्यात शिरण्यासाठी जहाज पोर्ट सईदला थांबलं की ते किनाऱ्यावर उतरत आणि हातगाडी शोधत. अरुंद तोंडाच्या मोठ्या हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजलेले बाकल्याचे दाणे, वरून तेल, लिंबू, जिरं आणि सोबत गरम रोटी. त्याला तिकडे फूल म्हणतात. तेच दाणे भिजवून, हिरव्या पाल्यासह वाटून तळले की तामिया होतो. "आपल्या वालांचाच भाऊ रे तो," चाचा सांगत, "खाल्ला की घर आठवायचं." दोन्ही शेंगांच्याच कुळातले, दोन्ही कष्टकऱ्याच्या पोटाला धरून राहणारे.

चाचांची ती वाट काही नवी नव्हती. याच दापोली तालुक्यातल्या दाभोळहून गलबतं अरबस्तानाकडे, तांबड्या समुद्राकडे जात. 15व्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी मायदेशी परतायला निघाला, तोही दाभोळलाच जहाजात चढला. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला आणि पुढे आमच्या खलाशांना पोर्ट सईद ओळखीचं झालं. चाचांच्या तोंडून ऐकून ते मलाही तसं परकं राहिलं नाही. बंदर कुठलंही असो, पाण्यातून वर आलेल्या माणसाला आधी काहीतरी गरम हवं असतं, ते लगेच हवं असतं आणि खिशाला झेपणारं हवं असतं. स्वस्त खाणं या गरजेतून जन्मतं, म्हणून त्याच्यात एवढी माया असते.

एकदा मी उशिरा पोचलो. लिलाव ओसरला होता, पिठाचं भांडं तळाला गेलं होतं. मावशींनी शेवटचं घावन काढलं तसा मी पान पुढे केलं. त्या म्हणाल्या, "हे नाही हो, हे त्याचं आहे. तुम्ही चहा घ्या." आणि घावनावर त्यांनी ताट पालथं घातलं.

मी चहा घेऊन बसलो. खाली वाळूवर एक गाडीवान बैलांच्या अंगावर गोडं पाणी ओतत होता. समुद्राचं खारं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, म्हणून पोटापाण्याआधी बैल धुवायचे. मग तो वर आला. लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातांना मासळीचा वास. मावशींनी न बोलता ताट उचललं. तो उभ्यानेच खाऊ लागला, नजर खाली बैलांकडे.

त्या दिवशी मी उपाशी परतलो, पण त्या चुलीची ओळख मला त्या दिवशीच पटली. तिथे खाल्लेलं प्रत्येक घावन दुसऱ्या कुणाच्या पंगतीत मला मिळालेली जागा होती. गाडीवानाला खाताना पाहताना मला चाचांचा तो हंडा दिसत होता. रात्र झाली की पोर्ट सईदच्या गाडीवरही असाच शेवटचा वाडगा कुणा भिजून येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेला असेल.