नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या नावांनी स्थाने मोजत गेले, तर तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानी बसतो, परार्धाच्या एक घर अलीकडे.

हा गुणाकार कागदावर मांडूनच पाहावा. नऊ एकांची ओळ नऊदा लिहायची, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या टोकाला स्तंभात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या स्तंभात नऊ, आणि तिथून उतरण. कुठल्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. संख्या दोन्हीकडून सारखी वाचता येते ती एवढ्याचमुळे.

१, १२१, १२३२१ अशा या माळेला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी डेम्लो हे नाव दिले. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांना ही कल्पना मुंबईजवळच्या, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर सुचली.

संख्येची खरी ओळख अवयवांत होते. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले की १११ × १००१००१ मिळते. १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. शेवटची संख्या मूळ आहे का, हे ठरवायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायला हवे. पण १००१००१ चा ३ सोडून कोणताही मूळ अवयव १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाराच असतो. तशा मूळ संख्या या मर्यादेत १९ पासून ५७७ पर्यंत सतराच निघतात, म्हणजे काम एका बैठकीचे. एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ ठरते.

म्हणून सुरुवातीची सतरा अंकी संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांच्या जोड्या लावत गेले की १११११११११ एकटा उरतो. पूर्ण वर्गाचे विभाजक विषम भरतात ते याचमुळे. स्वतःला वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त होते, म्हणजे संख्येपेक्षा कमीच, तेव्हा ती न्यून संख्या.

अंकांची बेरीज ८१. बेरजेला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो, ही शाळेतली कसोटी. ८१ साठी तशी कसोटी नाही. इथे कारण वेगळे: १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना हर्षद हे गोड नावही कापरेकरांचेच.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात आणि हातचा सरकतो. वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. आता तो उलटा तसाच वाचता येत नाही. अंकांची बेरीज ८२, सम, संख्या विषम. त्यामुळे हर्षदपणही इथे उरत नाही.