माळाचे वाचन

मंद्रूपहून निघालेल्या त्या तीन दिवसांच्या भटकंतीला सहल म्हणावे की अभ्यासदौरा, याविषयी आमच्यात अखेरपर्यंत एकमत झाले नाही. एम. ए. मराठीच्या वर्गातील आम्ही चौघे, २००९ चा भाद्रपद, आणि एकाच्या वडिलांचा भाजीपाला वाहणारा छोटा टेंपो. हौद्यावर ताडपत्री, खाली गोधड्या, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, आणि घरून बांधून मिळालेल्या कडक भाकरी व शेंगांची चटणी. परदेशी चित्रपटांतील तरुण ज्या घरासारख्या गाडीतून अरण्ये पालथी घालतात, तिचे हे आमच्या ऐपतीतले रूप होते. गाठायचे होते नान्नजचे माळढोक अभयारण्य.

परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आधी उलट्या दिशेला जाऊन हत्तरसंग कुडलचा शिलालेख पाहिला पाहिजे, असा एकाचा आग्रह पडला. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील मंदिरात, तुळईवर कोरलेला तो लेख शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा. आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातील मराठी वाक्य वाचणाऱ्याला विजय चिंतिते. हजार वर्षांपूर्वीची अक्षरे आपल्याला लागतात, या आनंदात आम्ही मंद्रूपला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर ओलांडून बार्शी रस्त्याने नान्नजला पोहोचलो.

अरण्याविषयीची आमची कल्पना सर्वस्वी पुस्तकी होती. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली याच शहरात जन्मलेले. त्यांची पुस्तके वाचून आमच्या मनात रुजलेले रान मात्र विदर्भातले होते, दाट झाडांचे आणि तळ्याकाठचे. नान्नजला समोर आला तो गुडघाभर गवताचा, क्षितिजापर्यंत मोकळा माळ. 'जंगल कुठे सुरू होते?' हा आमच्यापैकी एकाने वनरक्षकाला विचारलेला प्रश्न आजही आठवला की संकोच वाटतो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही उभे आहात, तेच."

पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतांची नावे त्यानेच सांगितली. काळविटांचा कळप दिसला. चंडोल आकाशात शिरून गात होते. माळटिटवीने पायाशी येऊन कालवा केला. संध्याकाळी एक लांडगा आमच्याकडे वळून न पाहता गवतातून निघून गेला. माळढोक तेवढा दिसला नाही. मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा तो पक्षी, आणि त्याची मादी एका हंगामात बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, ही माहिती आम्ही वहीत लिहून घेतली.

मुक्काम अभयारण्याच्या बाहेर, एका वस्तीजवळ टेंपोतच केला. वस्तीवरच्या काकांनी दूध दिले आणि पक्ष्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या घातल्या. १९७९ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचे होते. गावे, शेते सारेच त्यात आले आणि जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. (पुढे २०१२ मध्ये हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले.) काकांच्या लेखी माळढोक म्हणजे लेकीच्या लग्नाला जमीन विकू न देणारा पक्षी होता. त्यांना उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते.

सकाळी माळाच्या कडेच्या झाडांकडे दुर्बीण लावून बसलो असता मेंढरे घेऊन आलेला एक वृद्ध धनगर थांबला. "झाडं कशाला बघताय रं पोरांनो? त्यो झाडाजवळ थांबत न्हाई. त्याला चौबाजूला मोकळं दिसाया लागतं. झाडं लावली, तवापासनं ह्या अंगाला त्यो फिरकंना."

"पण मामा, झाडं लावणं चांगलंच की," आमच्यातला एक म्हणाला.

"कुणासाठी?" एवढेच विचारून मामा मेंढरांमागे चालू लागले.

त्या प्रश्नाने आम्ही गप्प झालो, त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते. पदवीला असताना श्रमसंस्कार शिबिरात आम्हीच मंद्रूपच्या परिसरातील एका माळावर खड्डे खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले होते. 'ओसाड माळाचे नंदनवन' या शीर्षकाने त्यावर निबंध लिहून पारितोषिकही मिळविले होते. तो माळ ओसाड आहे हे आम्हाला कोणी सांगितले होते? महसुली कागदावर तो पडीक होता आणि आमच्या भाषेत उजाड, भकास, वैराण. ही विशेषणे आम्ही पाहून वापरली नव्हती. ती पाठ्यपुस्तकांतून आयती आली होती. ज्याला एकदा ओसाड म्हटले, त्याच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते. नांगर, कारखाना, वृक्षारोपण, सारे सारख्याच पुण्याचे.

मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदात अक्षरे उमगणे आणि जिवंत राहणे हे दोन्ही अर्थ नांदतात. कुडलचा दगड आम्हाला वाचता आला. पायाखालचा माळ आला नाही.

२०११ मध्ये माळढोकाची गणना नष्टप्राय होण्याच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत झाली. आता देशात सुमारे दीडशे उरले असल्याचे मानले जाते, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसणे अपवादाचे झाले आहे.

आमच्यापैकी दोघे आता शिकवितात. विद्यार्थ्यांच्या निबंधात 'ओसाड माळ' आला की तेथे उगवणाऱ्या पाच गवतांची नावे आम्ही विचारतो. वर्ग हसतो, आणि क्वचित एखादा विद्यार्थी पुढच्या आठवड्यात नावे घेऊन येतो. गेल्या पावसाळ्यात चौघेही तो शिबिराचा माळ पाहून आलो. आम्ही लावलेली बरीच झाडे जगली आहेत. त्यांच्या सावलीत गुरे बसली होती. अभिमान वाटला नाही. ती तोडावीत असे म्हणण्याचे धैर्यही झाले नाही. पलीकडे, झाडे न पोहोचलेल्या तुकड्यावर, पवन्या फुलला होता. तेथे थोडा वेळ उभे राहिलो आणि परतलो.