ध्वनिमुद्रणातील संयोजकाचा व्यवसाय: पुण्यातील एका कारकिर्दीचा अनुभव

संगीतकाराने हार्मोनियमवर बांधलेली चाल आणि श्रोत्याच्या कानी पडणारे तयार गाणे यांच्या मधले जवळजवळ सारे काम जो करतो, त्याला आजच्या ध्वनिमुद्रण-व्यवसायात म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. लय आणि पट्टी ठरवणे, सुरुवातीचे व कडव्यांमधले वाद्यखंड रचणे, संगणकावर वाद्यांचे प्रोग्रॅमिंग करणे, गायकाचे डबिंग घेणे, म्हणजे तयार साथीवर त्याचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करणे, आणि शेवटी मिक्सिंग करून सर्व आवाजांचा तोल साधणे, ही कामे पूर्वी अरेंजर म्हणजे संयोजक, वादक आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटलेली होती. संगणक स्वस्त झाल्यावर ती एकाच माणसाच्या खोलीत आली.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात अरेंजरची परंपरा बऱ्याच अंशी गोव्यातून आलेल्या वादकांनी उभी केली, कारण चर्चच्या शाळांमुळे त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन अवगत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे होत; मात्र ज्या गाण्यांचा नाद त्यांनी घडवला, त्यांच्या तबकड्यांवर त्यांचा उल्लेख सहसा नसे. ‘अमर अकबर अँथनी’ (1977) या चित्रपटातील गाण्यामुळे घरोघर पोचलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव त्याच्या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे आहे, हे ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मराठीत अनिल मोहिले यांच्यासारखा संयोजक स्वतः संगीतकार म्हणूनही प्रसिद्धी पावला, हा अपवाद म्हणावा लागेल.

प्रस्तुत लेखकाचा या व्यवसायातील प्रवेश पुण्यातील वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवण्यापासून झाला. मूळ गाण्यातील व्हायोलिनांचा समूह, बासरी आणि गिटार हे सारे दोन हातांत बसवावे लागत असल्याने, कोणते वाद्य काढले तर गाणे कोसळते आणि कोणते काढले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, याचे शिक्षण तेथे जसे झाले तसे पुढे कोणत्याही यंत्राने दिले नाही. त्यानंतर इतरांच्या स्टुडिओत प्रोग्रामर म्हणून आणि मग घरातील एका खोलीत स्वतंत्रपणे काम सुरू झाले. घर चालले ते गाजलेल्या गाण्यांवर नव्हे. जाहिरातींच्या जिंगल्स, मालिकांची शीर्षकगीते, शाळांची गीते, निवडणुकीतील प्रचारगीते आणि आषाढ-श्रावणात घाईने येणारे गणपतीचे अल्बम यांवर चालले. या कामांकडे तुच्छतेने पाहणारे सहकारी बरेच होते, आणि त्यांतील काही आज अन्य व्यवसायांत आहेत.

या धांदलीत प्रस्तुत लेखकाला टिकवून धरले ते एका मर्यादित कौशल्याने, ते म्हणजे ढोलकी, संबळ आणि हलगी यांच्या प्रत्यक्ष मुद्रणाने. संगणकासोबत मिळणारे तयार ठेके, ज्यांना लूप म्हणतात, सर्वांकडे सारखेच असतात, आणि गोंधळातील संबळाचा झोल त्यांत उतरत नाही. पावसाळी हवेत ढोलकीचे कातडे सैल पडून तिचा स्वर उतरतो, त्यामुळे दर एक-दोन टेकनंतर ती गाण्याच्या षड्जाशी पुन्हा मिळवावी लागते. हलगी तर शेकल्याशिवाय बोलतच नाही, आणि ध्वनिरोधक खोलीत शेकोटी पेटवता येत नाही, म्हणून ती बाहेर तापवून उतरण्याआधी टेक पुरा करावा लागतो. याहून नाजूक प्रश्न क्लिकचा, म्हणजे हेडफोनमध्ये सतत वाजणाऱ्या संगणकाच्या ठोक्याचा असतो. भजन-कीर्तनात वाढलेला गायक शब्दाच्या वजनानुसार लय किंचित मागेपुढे करतो, आणि त्याला क्लिकला बांधले की सूर शाबूत राहतो पण गाणे निर्जीव होते. म्हणून आधी गायक आणि ढोलकी यांना मोकळे मुद्रित करून नंतर संगणकाची लय त्यांच्या लयीवर बसवण्याची पद्धत येथे अवलंबली गेली. तिला वेळ दुप्पट लागतो, तरी एकदा तसे गायलेले गायक पुढच्या कामासाठी परत येतात, असा अनुभव आहे.

कौशल्याने काम मिळते. त्याचा मोबदला आणि हक्क ही वेगळी बाब आहे. भारतीय कॉपीराइट कायदा (1957) ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणून त्याला ओळखतो, जो मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेतो, म्हणजे सामान्यतः पैसे घालणारी कंपनी. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीला, म्हणजे वापरागणिक मिळणाऱ्या मोबदल्याला, संरक्षण दिले. गायक-वादकांचे कलावंत म्हणून हक्कही कायद्यात आहेत. संयोजन मात्र मूळ स्वररचनेचे रूपांतर ठरते आणि रूपांतराचा अधिकार रचनाकाराकडे असतो, त्यामुळे स्वतंत्र करार नसेल तर म्युझिक प्रोड्यूसरच्या वाट्याला एकरकमी मेहनताना तेवढा येतो. एका भक्तिगीत-संग्रहाच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने रचलेले वाद्यखंड कंपनीने पुढे दुसऱ्या गाण्यांसाठी वापरले आणि त्यावर काही करता आले नाही, कारण व्यवहार फोनवर ठरला होता. हे केवळ येथेच घडते असेही नाही: बीटल्सच्या गाण्यांचे प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन इएमआय कंपनीचे पगारी नोकर होते, विक्रीत त्यांना वाटा नव्हता, आणि 1965 मध्ये नोकरी सोडून सहकाऱ्यांसह स्वतःची संस्था काढल्यावरच त्यांची स्थिती पालटली.

थकबाकीच्या बाबतीत कायदा काहीसा अनुकूल आहे, याची या क्षेत्रात फारशी जाणीव नाही. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे देयक, लेखी करार असला तरी, फार तर 45 दिवसांत चुकते करावे, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायदा सांगतो. नोंदणी केल्यानंतर प्रस्तुत लेखकाची वसुली सुधारली. ओळखीवर चालणाऱ्या व्यवसायात नोटीस पाठवणे जड जाते, पण बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असणेही बऱ्याचदा पुरते.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांनी महागडा मायक्रोफोन घेण्याआधी एखाद्या वकिलाकडून दोन पानांचा मराठी करारनामा तयार करून घ्यावा, त्यात श्रेयनामावलीतील उल्लेख, सुटे ट्रॅक कोणाच्या ताब्यात राहतील आणि त्यांचा पुनर्वापर झाल्यास काय द्यावे, हे स्पष्ट लिहावे, आणि पहिल्या जिंगलपासून, समोरचा कितीही जवळचा असला तरी, सहीसाठी तो पुढे ठेवावा.